घरगुती ध्वनिसंचासाठी विद्युत पुरवठ्याची गुणवत्ता : मुळशी तालुक्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

घरातील ध्वनिसंचातून ऐकू येणारी गुणगुण, आवाजातील विकृती, उपकरणांची वारंवार होणारी बिघाडी या तक्रारींचे मूळ अनेकदा संचात नसून त्याला मिळणाऱ्या विजेत असते. मात्र या विजेची सुधारणा म्हणजे महागडी केबल किंवा मोठा स्टॅबिलायझर विकत घेणे, असा समज रूढ आहे. प्रस्तुत लेखात मुळशी तालुक्यातील भौगोलिक व विद्युत परिस्थितीच्या आधारे पुरवठ्यातील दोषांचे स्वरूप, त्यांचा ध्वनीवर होणारा परिणाम आणि उपायांचा योग्य क्रम यांचे विवेचन केले आहे. घरगुती आर्थिंग व न्यूट्रलची जोडणी हा केवळ ध्वनीच्या शुद्धतेचा नव्हे, तर कुटुंबाच्या जीविताच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

महत्त्वाचे शब्द : विद्युतदाब, न्यूट्रल, आर्थिंग, गुणगुण, आर्थ लूप, स्टॅबिलायझर, मुळशी.

प्रस्तावना

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याचे नाव विजेच्या इतिहासाशी कायमचे जोडले गेले आहे. मुळा नदीवर धरण बांधून ते पाणी सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून खाली भिरा येथे सोडायचे आणि तयार होणारी वीज मुंबईला न्यायची, ही टाटांची योजना होती. आपल्या जमिनी या योजनेत बुडणार म्हणून मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह आरंभला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही उपाधी याच लढ्याने दिली. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला. धरण झाले आणि १९२७ मध्ये भिरा येथील वीजगृह सुरू झाले. मुळशीच्या पाण्यातून निर्माण झालेली वीज गिरण्यांच्या मुंबईला मिळाली. मुळशीच्या खेड्यांतील घरांत दिवा लागण्यास मात्र पुढे कित्येक वर्षे जावी लागली. २० जून १९६० रोजी स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या काळात ग्रामीण विद्युतीकरणाने वेग घेतला. जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले.

वीज घरात आली, म्हणजे वीज चांगली आली असे नव्हे. दिवा, पंखा, पंप यांना थोडा कमी-अधिक दाब चालतो. ध्वनिसंचाचे तसे नाही. तो विजेतील दोष कानाला ऐकवतो. त्यामुळे ध्वनिसंच हे एका परीने घरातील विजेच्या गुणवत्तेचे मापनयंत्रच ठरते. याच दृष्टीने प्रस्तुत विषयाचा विचार करणे उपयुक्त आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. मुळशी तालुक्यातील घरगुती वीजपुरवठ्याची वैशिष्ट्ये स्पष्ट करणे.
२. पुरवठ्यातील विविध दोषांचा ध्वनिसंचावर होणारा परिणाम आकडेमोडीसह समजावून घेणे.
३. प्रचलित गैरसमजांची चिकित्सा करणे.
४. सुरक्षितता व खर्च यांचा मेळ घालणारा उपायांचा क्रम सुचविणे.

मुळशीतील वीजपुरवठ्याची पार्श्वभूमी

मुळशी तालुक्यात विजेच्या दृष्टीने दोन भिन्न जगे नांदतात. पूर्वेकडील हिंजवडी परिसरात माहिती तंत्रज्ञान उद्यानालगत उंच गृहसंकुले आहेत. तेथे रोहित्र बहुधा इमारतीच्या आवारातच असते आणि रोहित्रापासून घरापर्यंतचे अंतर थोडे असते. तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या पौडच्या पश्चिमेस, धरणाच्या काठाने ताम्हिणी घाटापर्यंत, वस्ती विरळ होत जाते. वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या आहेत. एका रोहित्रावरून निघालेली कमी दाबाची वाहिनी खांबाखांबावरून लांबवर जाते आणि तिच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरास उरलासुरला दाब मिळतो. दरम्यानच्या पट्ट्यात, पिरंगुट परिसरात, कारखाने आहेत. तेथील वेल्डिंग यंत्रे व मोठ्या मोटारी यांमुळे दाबात क्षणोक्षणी चढउतार होतात.

यात निसर्गाची भर पडते. ताम्हिणी हा राज्यातील अतिवृष्टीचा प्रदेश आहे. पावसाळ्यात झाडे व फांद्या तारांवर पडतात, चिनी मातीची इन्सुलेटरे ओली होऊन ठिणग्या उडतात आणि सांध्यांवर गंज चढतो. वळवाच्या व परतीच्या पावसात विजा कोसळतात. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की आर्थिंगचा रोध वाढतो. म्हणजे एकाच घराची वीज चैत्रात, आषाढात आणि कार्तिकात वेगवेगळी वागते. एका दिवसाच्या तपासणीवरून निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

विजेपासून ध्वनीपर्यंतचा प्रवास

घरात येणारा प्रवाह प्रत्यावर्ती असतो. त्याची वारंवारता ५० हर्ट्झ व दाब २३० व्होल्ट असतो. जुन्या पद्धतीच्या ॲम्प्लिफायरमध्ये रोहित्र हा दाब कमी करते, डायोड त्याला एका दिशेचे वळण देतात आणि मोठे कपॅसिटर त्यातील लाटा सपाट करतात. लाटेचे दोन्ही अर्धे भाग वापरले जात असल्याने उरलेल्या तरंगाची वारंवारता १०० हर्ट्झ होते. हा तरंग पूर्णपणे नाहीसा झाला नाही, तर तो स्पीकरमधून गुणगुणीच्या रूपाने ऐकू येतो.

भारतीय संगीताच्या श्रोत्याला ही गुणगुण विशेष का खटकते, याचे कारण स्वरशास्त्रात सापडते. ‘पांढरी एक’ हा षड्ज मानल्यास त्याची वारंवारता सुमारे १३०.८ हर्ट्झ असते. तंबोऱ्याच्या मंद्र पंचमाची तार त्याच्या तीनचतुर्थांश, म्हणजे सुमारे ९८.१ हर्ट्झवर लागते. विजेचा १०० हर्ट्झचा तरंग या पंचमाच्या अगदी शेजारी, परंतु किंचित चढा असतो. दोन जवळचे नाद एकत्र आले की त्यांच्या वारंवारतांतील फरकाइतकी आंदोलने दर सेकंदास निर्माण होतात. येथे ती सुमारे दोन होतात. आलापीच्या सुरुवातीला, तंबोऱ्याचा नाद विरत असताना, ही आंदोलने तयार कानाला जाणवू शकतात आणि लावलेला तंबोरा बेसूर भासतो. दोष वादकाचा नसतो, ध्वनिमुद्रणाचाही नसतो. तो विजेचा किंवा ती हाताळणाऱ्या मंडलाचा असतो.

वारंवारतेबाबत मात्र घरात काहीच करण्याजोगे नसते व करण्याची गरजही नसते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिण विभाग जोडला गेल्यापासून संपूर्ण देशाचे जाळे एकाच वारंवारतेवर चालते. ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात राखावी, असा जाळ्याचा दंडक आहे. ०.२ टक्क्यांच्या या फरकाने जुन्या, विजेच्या वारंवारतेवर फिरणाऱ्या तबकडीयंत्राच्या स्वरात साधारण साडेतीन सेंट इतकाच फरक पडतो. एका स्वरांतरात १०० सेंट असतात, हे लक्षात घेता तो नगण्य आहे.

पुरवठ्यातील दोष व त्यांचे परिणाम

१. कमी दाब

भारतीय विद्युत नियम, १९५६ मधील नियम ५४ नुसार कमी दाबाच्या पुरवठ्यात अधिक-उणे ६ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा, अशी अपेक्षा होती. २३० व्होल्टच्या आधारे ही पट्टी सुमारे २१६ ते २४४ व्होल्ट अशी येते. वाहिनीच्या टोकाला ती का पाळली जात नाही, हे एका साध्या गणिताने समजते. ग्रामीण वाहिन्यांवर वापरल्या जाणाऱ्या ‘स्क्विरल’ जातीच्या ॲल्युमिनियम तारेचा रोध दर किलोमीटरला सुमारे १.४ ओहम असतो. रोहित्रापासून ५०० मीटरवरील एका घराचा प्रवाह जाताना ५०० मीटर व न्यूट्रलमधून परतताना ५०० मीटर, असा एकूण एक किलोमीटर तारेतून वाहतो. शेवटच्या टोकाला १० अँपियर भार असल्यास १४ व्होल्ट तारेतच खर्ची पडतात. २० अँपियरला २८ व्होल्ट. एक अश्वशक्तीचा घरगुती पंप सुरू होताना क्षणभर ३० अँपियर घेत असेल, तर त्या क्षणी दाब ४२ व्होल्टने कोसळतो. संध्याकाळी पंप चालू होताच दिवे मिणमिणतात, त्याचे कारण हेच.

ध्वनिसंचावर याचा परिणाम किती होतो? दाब १९० व्होल्टवर आला, तर साध्या ॲम्प्लिफायरचा अंतर्गत दाब मूळच्या सुमारे ८३ टक्के उरतो. कमाल शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती ६८ टक्के होते. डेसिबलच्या भाषेत ही घट केवळ १.७ इतकी आहे. सामान्य पातळीवर ऐकताना ती जाणवतही नाही. मोठ्या आवाजात मात्र लाटांचे शेंडे लवकर कापले जाऊन विकृती येते. दाब याहूनही खाली गेल्यास स्थिर दाब देणारे अंतर्गत मंडल निष्प्रभ होते आणि १०० हर्ट्झची गुणगुण सरळ स्पीकरपर्यंत पोहोचते. नव्या उपकरणांतील एसएमपीएस पद्धतीचा पुरवठा १०० ते २४० व्होल्ट या व्यापक पट्ट्यात चालू शकतो. तसा निर्देश उपकरणाच्या मागील पट्टीवर छापलेला असतो. अशा उपकरणाला कमी दाबासाठी स्टॅबिलायझरची गरज नसते. खरेदीपूर्वी ही एक ओळ वाचली, तरी अनेक कुटुंबांचा खर्च वाचू शकेल.

२. जास्त दाब व तुटलेला न्यूट्रल

कमी दाबाने आवाज बिघडतो. जास्त दाबाने संच जळतो. दाब २७० व्होल्ट झाल्यास उष्णता निर्माण करणाऱ्या भारात सुमारे ३८ टक्के अधिक शक्ती खर्च होते आणि रोहित्राचा लोहगाभा संपृक्त होऊन ते घरघरू लागते व तापते.

याचे सर्वांत घातक रूप म्हणजे खांबावर किंवा रोहित्रापाशी न्यूट्रल तुटणे. समजा, एका घराचा भार १०० ओहम असून ते एका फेजवर आहे आणि शेजारच्या घराचा भार २५ ओहम असून ते दुसऱ्या फेजवर आहे. न्यूट्रल तुटताच ही दोन्ही घरे दोन फेजमधील सुमारे ४०० व्होल्टवर एकापुढे एक अशी जोडली जातात. कमी भार असलेल्या पहिल्या घरात ३२० व्होल्ट येतात, तर दुसऱ्यात केवळ ८०. म्हणजे ज्या घरात फक्त एखादा दिवा व ध्वनिसंच चालू आहे, त्याच घराचे नुकसान अधिक होते. वादळी पावसानंतर एकाच आळीतील काही घरांत उपकरणे जळतात व काही घरांत दिवे मंद होतात, या नेहमीच्या अनुभवाचा उलगडा यातून होतो.

छतावरील सौरसंचांमुळे याच प्रश्नाचा एक सौम्य प्रकार नव्याने पुढे येत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेनंतर असे संच वाढले आहेत. टोकावरील घराने दुपारी ३ किलोवॅट वीज वाहिनीत सोडली, तर सुमारे १३ अँपियर उलट दिशेने वाहून त्याच १.४ ओहमच्या तारेवर १८ व्होल्टची वाढ होते. संध्याकाळी कमी दाब व दुपारी जास्त दाब, अशी दुहेरी स्थिती एकाच घरात उद्भवू शकते.

३. आर्थ लूप

ॲम्प्लिफायर, संगणक, दूरचित्रवाणी व तबकडी छत्री ही उपकरणे वेगवेगळ्या सॉकेटवर असली आणि ध्वनीच्या केबलने एकमेकांस जोडली, की आर्थची तार व केबलचे जाळीदार आवरण मिळून एक बंद वेटोळे तयार होते. गळतीचा प्रवाह त्यातून वाहू लागतो. आवरणाचा रोध ०.१ ओहम व प्रवाह १० मिलिअँपियर असेल, तर एक मिलिव्होल्टचा अनाहूत संकेत मूळ संकेतात मिसळतो. घरगुती संचातील नेहमीचा संकेत सुमारे ०.३ व्होल्टचा असतो. म्हणजे गुणगुण त्याच्या केवळ ५० डेसिबल खाली राहते व शांत आलापीत स्पष्ट ऐकू येते. सर्व उपकरणे एकाच ठिकाणाहून, एकाच पट्टीवरून चालविल्यास वेटोळ्याचा आकार लहान होतो आणि बहुतेक वेळा गुणगुण विनाखर्च थांबते.

४. उच्च वारंवारतेचा गोंगाट

एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर, सौरसंच यांतील झटपट चालू-बंद होणारी मंडले वाहिनीत उच्च वारंवारतेचा गोंगाट सोडतात. चांगल्या ॲम्प्लिफायरवर त्याचा परिणाम अल्प असतो. मध्यम लहरींवरील आकाशवाणी ऐकणाऱ्या कुटुंबाला मात्र तो असह्य होतो. वीजवाहिन्यांवरील ठिणग्यांचा उपद्रव किती दूरवर पोहोचतो, याचे उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बिणीला परिसरातील वीजवाहिन्यांवरील ठिणग्यांच्या गोंगाटाचा सामना करावा लागतो आणि तो वगळण्यासाठी दुर्बिणीच्या सुधारित यंत्रणेत खास व्यवस्था केली गेली आहे. घरात यासाठी दोषी दिवा वा चार्जर शोधून बदलणे, रेडिओ त्यापासून दूर ठेवणे व फिल्टर असलेली पट्टी वापरणे, हे उपाय पुरेसे होतात.

आर्थिंग : ध्वनीचा नव्हे, जीविताचा प्रश्न

मुळशीचा बहुतांश भूभाग दख्खनच्या बेसॉल्ट खडकाचा आहे. उतारावर मातीचा थर पातळ असतो. खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो. अशा जमिनीत एक खड्डा खणून पत्रा किंवा नळी पुरली, तरी रोध पुरेसा कमी होईलच असे नाही. पावसाळ्यात उत्तम वाटणारी आर्थिंग वैशाखात निकामी झालेली असते. भारतीय मानक आयएस ३०४३ मध्ये आर्थिंगची पद्धती सविस्तर दिली आहे. खडकाळ जागी एकाऐवजी अनेक इलेक्ट्रोड अंतर राखून जोडणे किंवा मातीच्या थरातून आडवी पट्टी पुरणे अधिक व्यवहार्य ठरते. सांडपाण्याच्या वा केळीच्या आळ्याच्या ओलाव्याजवळची जागाही उपयोगी पडते.

आर्थ निकामी असल्याचे लक्षण ध्वनिसंचच प्रथम दाखवितो. पुरवठ्यातील फिल्टरचे दोन कपॅसिटर फेज व न्यूट्रल यांपासून पेटीशी जोडलेले असतात. आर्थ नसल्यास ती पेटी निम्म्या, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगते. प्रवाह अत्यल्प असल्याने हाताला केवळ झिणझिण्या येतात. ‘थोडा करंट लागतो, पण काही होत नाही’ असे म्हणून घराघरांत हे लक्षण दुर्लक्षिले जाते. वस्तुतः ती धोक्याची पूर्वसूचना असते.

धोका कसा, ते पाहू. घराच्या स्वतःच्या आर्थिंगचा रोध २० ओहम आहे आणि फेजची तार पेटीला टेकली, असे समजा. तेव्हा जमिनीत जाणारा प्रवाह जास्तीत जास्त २३० भागिले २०, म्हणजे ११.५ अँपियर होईल. १६ अँपियरचा एमसीबी या प्रवाहाला पडणारच नाही. पेटी जिवंत राहील आणि तिला स्पर्श करणाऱ्याचा जीव धोक्यात येईल. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी मात्र गळती ओळखून क्षणार्धात पुरवठा तोडतो. खडकाळ जमिनीवरील घरात आरसीसीबी ही चैन नसून अनिवार्य गरज आहे, ती यासाठी.

याच संदर्भात एका घातक प्रथेचा निर्देश आवश्यक आहे. गुणगुण थांबविण्यासाठी प्लगची जाड, आर्थची पिन काढून टाकणे किंवा तीन पिनांऐवजी दोन पिनांचा जोड वापरणे, हा उपाय सर्रास सुचविला जातो. त्याने वेटोळे तुटते व गुणगुण खरोखरच थांबते. म्हणूनच तो लोकप्रिय आहे. परंतु त्याच क्षणी पेटीचे एकमेव संरक्षण नाहीसे होते. गावातील भजनी मंडळाचा ओल्या मंडपातील ॲम्प्लिफायर असो वा दिवाणखान्यातील संच असो, शांततेची ही किंमत कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय नाही.

काही प्रचलित गैरसमज

पहिला गैरसमज महागड्या वीजकेबलविषयी आहे. १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध दर किलोमीटरला १२.१ ओहम असतो. दीड मीटर केबलचा, जाण्यायेण्याचा मिळून, रोध ०.०३६ ओहम होतो. घराबाहेरील वाहिनीचा १.४ ओहम व घरातील २० मीटर वायरिंगचा सुमारे ०.४८ ओहम यांच्या तुलनेत तो दोन टक्क्यांच्या आत आहे. ही केबल सोन्याची केली, तरी उरलेले ९८ टक्के तसेच राहतात. शिवाय सामान्य पातळीवर ऐकताना संच ५० ते ६० वॅटच घेतो, म्हणजे पाव अँपियरच्या आसपास. त्या प्रवाहाने या केबलवर पडणारा दाब व्होल्टच्या शंभराव्या भागाइतका असतो.

दुसरा गैरसमज परदेशी सल्ल्याविषयी आहे. जपानमधील काही हौशी श्रोत्यांनी ध्वनिसंचासाठी घरापाशी स्वतंत्र खांब व रोहित्र उभारल्याचे वृत्त २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले होते. परंतु जपानमध्ये घरगुती दाब १०० व्होल्ट आहे. तितक्याच शक्तीसाठी तेथे २.३ पट प्रवाह लागतो आणि समान तारेवरील टक्केवारीतील घट सुमारे ५.३ पट होते. तेथील उपाय येथे जसाच्या तसा आणणे शास्त्रीय नाही.

तिसरा गैरसमज इन्व्हर्टरविषयी आहे. २००० च्या दशकातील भारनियमनाच्या काळात महाराष्ट्रात घरोघरी इन्व्हर्टर आले. त्यांपैकी स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लाट देत. दिवा-पंख्याला ती चालते. ध्वनिसंचाचे रोहित्र मात्र तिच्यातील विषम गुणकांमुळे घरघरते. शिवाय २३० व्होल्टच्या शुद्ध साइन लाटेचे शिखर ३२५ व्होल्टचे असते व संचाचे कपॅसिटर त्या शिखरावरच भरतात. चौकोनी लाटेत हे शिखर कमी पडते. संच इन्व्हर्टरवर चालवायचा असल्यास साइन लाट देणाराच इन्व्हर्टर घ्यावा.

सुधारणेचा क्रम

उपरोक्त विवेचनावरून सुधारणेचा पुढील क्रम सुचविता येतो. वायरिंगची कामे परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावीत. मीटरच्या अलीकडील, म्हणजे पुरवठ्याच्या बाजूस कोणीही हात लावू नये.

प्रथम मोजमाप. किमान एक आठवडा सकाळी, दुपारी व रात्री फेज-न्यूट्रल आणि न्यूट्रल-आर्थ दाब नोंदवावा. पंप चालू असताना व नसताना वेगळी नोंद घ्यावी. न्यूट्रल व आर्थ यांच्यात सातत्याने अनेक व्होल्ट आढळल्यास न्यूट्रलचा सांधा संशयास्पद समजावा.

दुसरे, आर्थिंग व आरसीसीबी. आर्थिंगची तपासणी पावसाळ्यात न करता एप्रिल-मे महिन्यांत करावी. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण दरमहा दाबून पाहावे.

तिसरे, सांधे. सैल किंवा गंजलेल्या सांध्याचा रोध अर्धा ओहम असला, तरी १० अँपियर प्रवाहाला तेथे ५० वॅट उष्णता निर्माण होते. आगीचे ते एक कारण आहे. मुख्य फलक, स्विच व सॉकेट यांचे स्क्रू घट्ट करणे, हा सर्वांत स्वस्त व परिणामकारक उपाय आहे.

चौथे, स्वतंत्र मंडल. मुख्य फलकापासून ध्वनिसंचासाठी २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र तार, स्वतंत्र एमसीबी व १६ अँपियरचे सॉकेट द्यावे. याचा मुख्य लाभ दाब वाढण्यात नसून शीतकपाट, मिक्सर व दिव्यांच्या उपद्रवापासून संच वेगळा होण्यात आहे.

पाचवे, संरक्षण. दाब मर्यादेबाहेर जाताच पुरवठा तोडणारे व तो स्थिर झाल्यावर काही वेळाने पुन्हा जोडणारे उपकरण तुटलेल्या न्यूट्रलपासून वाचविते. विजेच्या लोटासाठी सर्ज संरक्षक बसवावा. पण चांगल्या आर्थविना तो निरुपयोगी असतो. आकाशात गडगडाट सुरू होताच प्लग व छत्रीची केबल काढून ठेवणे, हाच खात्रीचा उपाय होय. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ ॲप विजांची पूर्वसूचना देते. त्याचा उपयोग करून घ्यावा.

सहावे व शेवटचे, स्टॅबिलायझर किंवा यूपीएस. मोजमापातून गरज सिद्ध झाली तरच तो घ्यावा. रिलेचा स्टॅबिलायझर टप्प्याटप्प्याने दाब बदलतो व खटखट आवाज करतो. सर्व्हो प्रकार दाब सलग बदलतो, परंतु क्षणिक चढउतार त्याला पकडता येत नाहीत. ऑनलाइन यूपीएस लाट नव्याने घडवीत असल्याने सर्वांत परिपूर्ण असतो, मात्र त्याची किंमत, बॅटऱ्यांचा देखभाल खर्च व पंख्याचा आवाज विचारात घ्यावा लागतो.

ग्राहकाचे हक्क

घराच्या भिंतीआड केलेली कोणतीही सुधारणा वाहिनीच्या टोकावरील कमी दाब दूर करू शकत नाही. एका घराने स्टॅबिलायझर लावला, तर तो कमी दाब भरून काढण्यासाठी वाहिनीतून अधिक प्रवाह ओढतो आणि शेजाऱ्याचा दाब आणखी उतरतो. म्हणून रोहित्राची क्षमता वाढविणे, भार तिन्ही फेजवर समान वाटणे, वाहिनी जाड करणे किंवा नवे रोहित्र वस्तीजवळ आणणे, हे सामूहिक उपायच अंतिमतः टिकाऊ ठरतात. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५७ मध्ये वितरण परवानाधारकाच्या कृतीच्या मानकांची आणि कलम ४२ मध्ये ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच व विद्युत लोकपाल यांची तरतूद आहे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांच्या शीर्षकातच ‘विजेची गुणवत्ता’ हा शब्दप्रयोग समाविष्ट झाला आहे. तक्रार करताना ‘लाईट कमी येते’ असे मोघम लिहिण्यापेक्षा आठवड्याची तारीखवार व वेळवार नोंद सोबत जोडणे अधिक परिणामकारक ठरेल. त्या दृष्टीने महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागांनी विद्यार्थ्यांकडून आपापल्या गावातील दाबाच्या नोंदी प्रकल्परूपाने करून घेतल्यास विद्यार्थ्यांना मोजमापाचा प्रत्यक्ष अनुभव व ग्रामपंचायतीला विश्वसनीय पुरावा, असे दोन्ही हेतू साध्य होतील.

निष्कर्ष

१. ध्वनिसंचाचा स्वतःचा वीजवापर अल्प असल्याने त्याच्या तक्रारी प्रामुख्याने इतर भार, सदोष सांधे, आर्थ लूप व वाहिनीची लांबी यांतून उद्भवतात.
२. कमी दाबाचा ध्वनीवरील परिणाम समजला जातो त्यापेक्षा सौम्य, तर तुटलेल्या न्यूट्रलचा व निकामी आर्थिंगचा धोका समजला जातो त्यापेक्षा तीव्र आहे.
३. मुळशीसारख्या खडकाळ व अतिवृष्टीच्या प्रदेशात आर्थिंगची हंगामनिहाय तपासणी व आरसीसीबी यांना अग्रक्रम द्यावा. आर्थची पिन काढण्याची प्रथा पूर्णतः थांबवावी.
४. महागड्या केबलसारख्या उपायांना गणिताचा आधार नाही. तोच खर्च आर्थिंग, सांधे व स्वतंत्र मंडल यांवर करणे हितावह आहे.
५. वाहिनीच्या टोकावरील दाबाचा प्रश्न वैयक्तिक खरेदीने सुटणारा नाही. त्यासाठी नोंदींवर आधारित सामूहिक पाठपुरावा हाच मार्ग आहे.

शंभर वर्षांपूर्वी मुळशीच्या शेतकऱ्याने विजेसाठी आपली जमीन गमावली. त्याच्या पुढील पिढ्यांच्या घरात येणारी वीज पुरेशी, स्थिर व सुरक्षित असावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.